ऐरावताची बोली

आपल्या संघाच्या स्मरणिकेसाठी यंदा सोयाबीनच्या भावावर अथवा आडतीच्या दरावर चार शब्द लिहावेत, अशी चिटणीसांची इच्छा होती. गेली चाळीस वर्षे धान्याच्या पेढीवर बसलेल्या माणसाकडून तशी अपेक्षा करणे गैरही नव्हते. परंतु येत्या पंचकल्याणक प्रतिष्ठा महोत्सवाच्या तयारीसाठी भरलेल्या सभेत एक सूचना पुढे आली, आणि नेहमीप्रमाणे माझाही हात अनुकूल मतासाठी वर जाईल असे सर्वांनी गृहीत धरले. सूचना अशी की, जन्मकल्याणकाच्या मिरवणुकीत या वेळी खरा हत्ती आणावा, त्यावर सौधर्मेंद्र व इंद्राणी यांना बसवावे, आणि त्या मानाची बोली लावून उत्सवाच्या खर्चाचा मोठा भाग भागवावा. माझा हात वर गेला नाही. का गेला नाही, हे सभेत सांगण्यास वेळ नव्हता. खरे बोलायचे तर धीरही नव्हता. म्हणून सोयाबीनला यंदा रजा देऊन ते येथे लिहितो.

प्रथम माझ्याच दोषाची कबुली दिली पाहिजे. पुष्कळ वर्षांपूर्वी माळव्यातील एका गावी झालेल्या प्रतिष्ठेत ही बोली मी स्वतः घेतली होती. वय तरुण होते, त्या वर्षी गव्हाचा व्यवहार चांगला साधला होता, आणि समोर चढती बोली बोलणारा गृहस्थ माझा प्रतिस्पर्धी आडत्या होता. त्या चढाओढीत धर्मभावना किती आणि पेढीची अब्रू किती, याची फोड मी आजही करू शकणार नाही. मुकुट घालून, पत्नीसह मी हत्तिणीवर बसलो. खाली बँड, पुढे कलश घेतलेल्या भगिनी, दोन्ही बाजूंच्या गच्च्यांवर माणसे. इतक्या उंचीवरून गाव किती लहान दिसते, हे मला तेव्हा कळले. हत्तीण संथपणे मान डोलावीत चालली होती. बँडच्या तालावर मुके जनावरदेखील भक्तीने डोलत आहे, असे मी शेजारी सांगितले आणि ते ऐकून पत्नीचे डोळे भरून आले.

मिरवणूक संपल्यावर माहुताला बक्षीस द्यावे म्हणून मी मंडपामागे गेलो. तेथे फरशीवर ती उभी होती. पुढचा उजवा पाय उचलायचा, क्षणभर अधांतरी धरायचा, पुन्हा टेकायचा, आणि लगेच पुन्हा उचलायचा, असे तिचे सारखे चालले होते. वाकून पाहिले तो तळवा चिरफाळलेला, नखाजवळ गळू फुटलेले, आणि त्याला दुर्गंधी येत होती. मान मात्र तशीच डोलत होती. बँड केव्हाच थांबला होता. माहूत गरीब होता, खोटे बोलणारा नव्हता. तो हिंदीत एवढेच म्हणाला की, शेठजी, चैत्रात डांबर फार तापते. मी त्याच्या हातावर शंभराची नोट ठेवली आणि परत आलो. घरी आल्यावर बोलीची रक्कम धर्मादाय खाती लिहिली, व ती नोट किरकोळ खर्चात. वह्या जुळल्या, आणि विषय माझ्यापुरता मिटला.

तो पुन्हा उघडला २०२५ च्या जुलैमध्ये. आमचे घराणे मूळचे कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्याचे. आजोबांनी व्यापारानिमित्त उज्जैन गाठले, वडिलांनी पेढी वाढविली, आणि मी नानाखेड्याला घर बांधले तेव्हा आसपास अजून शेते होती. आता बसस्थानक, क्रीडांगण व वसाहती यांनी तो भाग ओळखू येत नाही. पण गावाकडचा धागा तुटला नाही. नांदणीचा स्वस्तिश्री जिनसेन भट्टारक मठ हे आमचे श्रद्धास्थान. तेथील महादेवी हत्तीण, जिला कागदोपत्री माधुरी असेही नाव आहे, १९९२ पासून मठात होती. आमच्या घरातील तीन पिढ्यांनी तिला केळी चारली आहेत. तिला गुजरातेत जामनगरजवळच्या वनतारा या केंद्रात हलवावे, ही उच्चाधिकार समितीची शिफारस १६ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने उचलून धरली, २८ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली, आणि महिनाअखेरीस महादेवी गाव सोडून गेली. सारा परिसर रडत होता. दोन लाखांहून अधिक लोकांनी सह्या केल्या. ३ ऑगस्टला नांदणीहून कोल्हापूरपर्यंत सुमारे ४५ किलोमीटर मूक पदयात्रा निघाली. तीत माझा पुतण्या चालला आणि रात्री त्याने दूरध्वनीवरून पायाच्या फोडांचे वर्णन मोठ्या अभिमानाने केले. वनतारामागे असलेल्या उद्योगसमूहाची सिमकार्डे लोकांनी बदलली, मीही बदलले. (नव्या कंपनीचा आवाज आमच्या वखारीत मुळीच पोहोचत नाही, हे केवळ सत्याला स्मरून नमूद करतो.)

घरात मात्र माझ्या संतापाला साथ मिळाली नाही. माझी नात महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकते. तिने न्यायालयासमोर आलेले तपासणी अहवाल वर्तमानपत्रांतून काळजीपूर्वक वाचले होते. वाढलेली नखे, तळव्यांची कुजण, पायांच्या जखमा, आणि एकाच जागी उभे राहून मान व अंग सतत हलविण्याची सवय. ही सवय म्हणजे डोलणे नव्हे, ती म्हणाली; मोठ्या जनावराला वर्षानुवर्षे साखळीत, एकटे, काही काम व संगत न देता ठेवले की त्याचे मन असे बिघडते. मी तिला उद्धट म्हटले. पण त्या रात्री मला झोप आली नाही. तिच्या बोलण्याने नव्हे; थांबलेल्या बँडनंतरही डोलत राहिलेली एक मान मला आठवली म्हणून.

दिवाळीनंतर ती दोन आठवडे मथुरा जिल्ह्यातील चुरमुरा येथे स्वयंसेविका म्हणून गेली. वाइल्डलाइफ एस. ओ. एस. या संस्थेने २०१० पासून तेथे हत्तींसाठी केंद्र चालविले आहे, आणि २०१८ पासून शेजारीच हत्तींचे रुग्णालय आहे, जे भारतातील पहिले मानले जाते. सर्कशीतून, भीक मागणाऱ्या मालकांकडून, वरातीतून सोडविलेले हत्ती तेथे राहतात. राजू नावाचा हत्ती २०१४ साली तेथे आणला गेला, तेव्हा त्याच्या पायातील काटेरी साखळदंड सुमारे पन्नास वर्षांनी निघाले. नातीने निघताना मला सांगितले, “आजोबा, एकदा या आणि पाहा. मग हवे तेवढे भांडू.” भांडणाच्या निमित्ताने का होईना, मी गेलो.

माझी कल्पना अशी होती की, मुले तेथे हत्तीच्या सोंडेला कवटाळीत असतील, नदीत त्याला चोळून न्हाऊ घालीत असतील, आणि हत्ती त्यांना ओळखून आनंदाने चीत्कार करीत असेल. प्रत्यक्षात नात एका पत्र्याच्या छपराखाली बसून गाजरे चिरीत होती. प्रौढ हत्तीला दिवसाला दीडशे किलोच्या आसपास चारा लागतो, आणि शंभर लिटरहून अधिक पाणी. ऊस, हिरवी वैरण, काकडी, कलिंगड यांचे ढीग पाहून मला आमच्या मंडीतील भाजीपाल्याच्या लिलावाची आठवण झाली. चिरायचे, वजन करायचे, कोणाला काय वर्ज्य आहे ते फळ्यावरून वाचायचे. मग आवारातील शेण उचलायचे, पाण्याचे हौद घासायचे. जुन्या टायरमध्ये अथवा दोरीने टांगलेल्या जाळीत चारा दडवायचा, कारण रानात हत्ती दिवसाचे सोळा-सोळा तास चरण्यात घालवितो, आणि सारे अन्न एकदम पुढे टाकले तर उरलेल्या वेळाचे त्याने करायचे काय? मातीचे उंच ढीग मुद्दाम रचलेले असतात. ज्यांचे सांधे झिजले आहेत असे म्हातारे हत्ती खाली आडवे झाले तर उठू शकत नाहीत; ते ढिगाला अंग टेकून झोपतात. हे सर्व काम दुरून. हत्तीवर बसणे नाही, आणि त्याला वाटेल तेव्हा हात लावणेही नाही. त्याला माणसापासून क्षयाची बाधा होऊ शकते, हे तर मी प्रथमच ऐकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पायांची शुश्रूषा पाहावयास मिळाली. लोखंडी नळ्यांचा भक्कम कठडा, आणि त्याच्या तळाशी पाय बाहेर घेता येईल एवढी मोकळी जागा. अलीकडे परिचारक, पलीकडे हत्तीण. अंकुश नाही, साखळी नाही. परिचारकाने काठीचे टोक विशिष्ट जागी धरले, एक शब्द उच्चारला, आणि त्या वृद्ध हत्तिणीने आपला पुढचा पाय उचलून त्या मोकळ्या जागेतून बाहेर ठेवला. औषधी कोमट पाण्यात तो शेकला गेला, कानशीने नखे घासली गेली, तळव्यातील भेगांत मलम भरले गेले. मध्येच तिने पाय काढून घेतला. कोणीही तिला ओरडले नाही. सारे थांबले. थोड्या वेळाने तिने स्वतःच तो पुन्हा पुढे केला, आणि तिला कलिंगडाची फोड मिळाली.

हत्तीच्या पायाची रचना मोठी विलक्षण आहे. हाडांखाली चरबीची गादी असते, तीवर हे हजारो किलोंचे धूड आवाज न करता चालते. हत्तीला घामही जवळजवळ नखांच्या भोवतीच येतो. बाकी अंग तो कानांनी वारा घालून थंड ठेवतो. ही गादी मातीसाठी, चिखलासाठी, रोजच्या मैलोगणती चालण्यासाठी आहे. फरशी आणि डांबर तिला मानवत नाही. मग नख फाटते, पू होतो, आणि तो वर चढत हाडापर्यंत गेला की पाळीव हत्ती बहुधा त्यातूनच संपतो.

तो उचललेला पाय पाहताना मला जी कथा आठवली ती आपल्यापैकी पुष्कळांनी व्याख्यानांत ऐकली असेल. ज्ञाताधर्मकथेतील श्रेणिकपुत्र मेघकुमार दीक्षेच्या पहिल्याच रात्री, येणाऱ्या-जाणाऱ्या साधूंचे पाय लागून झोप मोडली म्हणून, घरी परतण्याचा विचार करतो. तेव्हा भगवान महावीर त्याला त्याचा पूर्वभव सांगतात. त्या भवात तो मेरुप्रभ नावाचा हत्ती होता. वणव्यातून वाचण्यासाठी त्याने साफ केलेल्या मैदानात रानातील सारे प्राणी दाटीवाटीने जमले. अंग खाजविण्यासाठी त्याने पाय उचलला तोच त्या रिकाम्या जागेत एक ससा येऊन बसला. सशावर पाय पडू नये म्हणून मेरुप्रभाने अडीच दिवस तो पाय अधांतरी धरला, आणि वणवा विझल्यावर आखडलेल्या पायामुळे कोसळून मरण पावला. ही कथा मी शेकडो वेळा ऐकली आहे, आणि मुलांना सांगितलीही आहे. मंडपामागे फरशीवर एक हत्तीण पाय अधांतरी धरून उभी होती त्या दिवशीही मला ती पाठ होती. पाठ असूनही ती मला सुचली नाही.

आता जिव्हाळ्याविषयी. नात प्रथम हिरमुसली होती. आठ दिवस गाजरे चिरूनही ज्या हत्तिणीसाठी ती राबत होती तिने तिच्याकडे ढुंकूनही पाहिले नव्हते. उलट, शेजारच्या आवारातील दुसरी म्हातारी हत्तीण दिसताच ती कठड्यापाशी जाई, सोंड पलीकडे घाली, तिच्या तोंडाला, कानाला चाचपडून पाही, आणि दोघी घशातल्या घशात गुरगुरत. त्यांच्या आवाजाचा बराच भाग आपल्या कानांना ऐकूच येत नाही, इतका तो खर्जातला असतो. नात म्हणाली, मला वाटले होते मी हिला जीव लावीन आणि ही मला लावील. पण हिला जीव लावायला हिचीच कोणी तरी हवी होती. दोन आठवड्यांच्या शेवटी एवढे झाले की, नात बादली घेऊन येताना दिसली की हत्तीण कान हलवायचे थांबवी आणि वाट पाही. याला ओळख म्हणावी काय? म्हणावी, पण ती बादली वेळेवर येते या विश्वासाची ओळख आहे. आपण व्यापारी माणसे. उधारी वेळेवर फेडणाऱ्या गिऱ्हाइकाशी आपली जी ओळख असते ती काही थोडी नसते.

या फरकावर माझा सारा रोख आहे. आज पुष्कळ ठिकाणी हत्तींची सेवा या नावाखाली पर्यटकांना हत्तीला आंघोळ घालण्याची, त्याच्यासह छायाचित्रे काढण्याची सोय केलेली असते. जानेवारी २०२५ मध्ये थायलंडमधील एका केंद्रात हत्तिणीला स्नान घालीत असताना एका स्पॅनिश विद्यार्थिनीचा त्याच हत्तिणीकडून मृत्यू झाला. दिवसातून दहा अनोळखी माणसांनी आपल्याला न्हाऊ घालावे, अशी कोणा हत्तीची इच्छा असेल असे वाटत नाही. ती बोली तिकिटाची, आमची बोली मानाची. मला तरी त्यांत फारसा फरक दिसत नाही. दोन्हींत हत्ती आपल्या भावनेचे पात्र होतो, आणि त्याच्या गरजेचा हिशेब किरकोळ खर्चात जातो.

नांदणीच्या लोकांचे प्रेम खोटे होते असे मी मुळीच म्हणत नाही. तसे म्हणणाऱ्याने त्या गावातील म्हाताऱ्या बायकांचे चेहरे पाहिलेले नाहीत. परंतु हत्तिणी जन्मभर कळपात राहतात. मायलेकी, बहिणी, मावश्या मिळून पोरे वाढवितात आणि सर्वांत वडील हत्तीण वाट दाखविते. महादेवी मठात आली ती तीन-चार वर्षांची. त्यानंतरच्या ३३ वर्षांत तिच्याजवळ दुसरी हत्तीण नव्हती. लाखो भाविकांची माया एकत्र केली तरी त्या एका सोंडेची जागा भरून निघणार नाही. योगायोग असा की, त्याच जुलैच्या ८ तारखेला आमच्या मध्य प्रदेशात, पन्ना व्याघ्र प्रकल्पात, वत्सला नावाची हत्तीण वारली. तिचे वय शंभराहून अधिक मानले जाई. केरळातून आणलेली, आयुष्यभर वनखात्याची चाकरी केलेली, अखेरीस डोळ्यांनी अंध झालेली. पण तळावरच्या पिलांना ती आजीप्रमाणे सांभाळी, आणि इतर हत्तिणींच्या बाळंतपणाच्या वेळी जवळ उभी राही. चाकरी तिच्याही नशिबी होती, पण तिला पोरेबाळे मिळाली. दोघींच्या बातम्या एकाच महिन्यात वाचल्यावर मी पुतण्याशी वाद घालणे बंद केले. त्याला पटविणे मात्र अजून जमलेले नाही.

माझे स्नेही विचारतील की, मग एखाद्या धनाढ्याच्या प्राणिसंग्रहात ती सुखी असेल असे तुम्हांस वाटते काय? प्रश्न रास्त आहे, आणि विचारलाच पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती चेलमेश्वर यांच्या अध्यक्षतेखाली वनताराच्या कारभाराची चौकशी करविली. सप्टेंबरात त्या पथकाने कारभारात गैर काही आढळले नसल्याचा अहवाल दिला व न्यायालयाने तो स्वीकारला. तरीसुद्धा डोळे उघडे ठेवणे हे समाजाचे काम आहे. त्याच ऑगस्टमध्ये नांदणीच्या परिसरातच हत्तींसाठी पुनर्वसन केंद्र उभारण्यास साहाय्य करण्याची तयारी वनताराने जाहीर केली. असे केंद्र व्हावे, आणि त्यास आपल्या संघानेही वर्गणी द्यावी, असे मला मनापासून वाटते. अट एकच, की तेथे मातीची जमीन असावी, दुसरी-तिसरी हत्तीण असावी, आणि मिरवणूक नसावी. कोल्हापूरला हा प्रश्न नवा नाही. जोतिबाच्या देवस्थानाला २००७ साली अर्पण केलेला सुंदर नावाचा हत्ती अशाच न्यायालयीन वादानंतर २०१४ मध्ये बंगळूरजवळच्या बन्नेरघट्टा उद्यानात गेला. एका जिल्ह्यात अकरा वर्षांत दोनदा न्यायालयाला हे सांगावे लागले. तिसऱ्यांदा आपण सांगू, न्यायालयाने नव्हे, अशी माझी इच्छा आहे.

आता उत्सवाचे काय? बुंदेलखंडात गजरथ चालविणाऱ्यास सिंघई ही पदवी मिळत असे. हत्ती हा आपल्या उत्सवांचा जुना अलंकार आहे हे मला मान्य आहे. परंतु ज्या उज्जयिनीत आपण राहतो तिचीच एक कथा पाहा. चंडप्रद्योत राजाने कौशांबीच्या उदयनाला पकडण्यासाठी लाकडाचा यांत्रिक हत्ती करविला आणि त्याच्या पोटात सैनिक दडविले. वीणेच्या स्वरांनी हत्तींना वश करणारा उदयन त्या लाकडी हत्तीला खरा समजून जवळ गेला आणि बंदी झाला. म्हणजे हुबेहूब हत्ती घडविण्याची कला या नगरीला परकी नाही. फक्त तेव्हा ती कपटासाठी वापरली गेली. केरळात त्रिशूर जिल्ह्यातील इरिंजाडपिळ्ळी येथील श्रीकृष्ण मंदिराने फेब्रुवारी २०२३ मध्ये लोखंडाच्या सांगाड्यावर रबराचे कातडे चढविलेला, सुमारे साडेदहा फूट उंचीचा यांत्रिक हत्ती उत्सवासाठी आणला. तो कान हलवितो, सोंड उचलतो, माणसे पाठीवर घेतो, आणि चाकांवर चालतो. त्याला डांबर भाजत नाही.

खऱ्या हत्तीवाचून ऐरावत कसला, असे म्हणणाऱ्यांना माझा एक नम्र प्रश्न आहे. नाम, स्थापना, द्रव्य, भाव हे चार निक्षेप आपण लहानपणापासून ऐकत आलो. पाषाणाच्या बिंबात आपण साक्षात जिनेश्वर पाहतो, कारण ती स्थापना आहे. पेढीवरच्या मुनिमाला मुकुट घालून आपण त्याच्यात सौधर्मेंद्र पाहतो. पांडुकशिला मंडपवाला फळ्या ठोकून करून देतो, आणि तीवरच्या अभिषेकाने आपले डोळे पाणावतात. इंद्र स्थापनेचा चालतो, मेरुपर्वत स्थापनेचा चालतो, स्वयं भगवंतही स्थापनेचे चालतात. मग ऐरावतच तेवढा रक्तामांसाचा आणि दुखऱ्या पायाचा का हवा?

उत्पन्न बुडेल, ही धास्ती तर मला मुळीच नाही. लाकडी ऐरावतावरील मानाची बोली कमी होईल असे ज्याला वाटते त्याने आपल्या समाजातील चढाओढ पाहिलेली नाही. माहुतांच्या पोटाचा प्रश्न खरा आहे. त्याचे उत्तर असे की हत्तींच्या केंद्रांनाही अनुभवी माणसे लागतात, आणि हत्तीसोबत त्याच्या माहुतालाही नोकरी मिळावी असा आग्रह देणगीदाराने धरला तर तो ऐकला जातो. आहार, औषध, शास्त्र आणि अभय या चार दानांपैकी तीन तरी या एका ठिकाणी पोहोचतात. आपल्या पूर्वजांनी व्यापारावर लाग बसवून पांजरपोळ चालविले; मुंबईचा पांजरपोळ १८३४ सालचा आहे. तेथील लंगड्या बैलाने आपल्याकडे प्रेमाने पाहावे, अशी अपेक्षा त्यांनी कधी वहीत लिहिलेली मला आढळली नाही.

म्हणून मी चिटणीसांकडे लेखी उपसूचना दिली आहे. मिरवणुकीत सागवानी ऐरावत असावा. त्याचे मोजमाप मी येथील एका कसबी सुताराकडून मागविले असून पहिल्या वर्षीचा खर्च माझ्याकडे राहील. बोलीच्या रकमेचा चौथा हिस्सा दरवर्षी हत्तींच्या पायांच्या औषधोपचारासाठी निघावा, आणि तो धर्मादाय खाती स्वतंत्र मथळ्याखाली लिहावा. समाजातील जी मुले-मुली अशा केंद्रात दोन आठवडे काम करण्यास तयार असतील त्यांचे गाडीभाडे संघाने द्यावे. या शेवटच्या कलमात माझा स्वार्थ आहे असा आक्षेप कोषाध्यक्षांनी आधीच घेतला आहे, व तो खरा आहे. नात उन्हाळ्याच्या सुट्टीत पुन्हा चुरमुऱ्यास निघाली आहे. मीही जावे म्हणतो; गाजरे मला बसून चिरता येतील.